बघणाऱ्याची जागा

मल्लखांब जमिनीपासून साधारण साडेआठ फूट उंच असतो, आणि आखाड्याची भिंत बहुतेक ठिकाणी पाच-साडेपाच फुटांची. त्यामुळे रस्त्यानं जाणाऱ्याला खांबाचं बूड दिसत नाही, हौदातली माती दिसत नाही, शड्डू नुसता ऐकू येतो. खांबावर चढणारा मुलगा मात्र भिंतीच्या वर निघतो. आधी हात, मग डोकं, मग एरंडेलानं चमकणारी पाठ. टोकाच्या बोंडावर पोट टेकवून तो हातपाय मोकळे सोडतो आणि त्याच क्षणी रस्त्यावर एक सायकल थांबते. एक पाय पॅडलवर, एक जमिनीवर, हॅन्डलला दळणाचा डबा लटकलेला. थांबणारा आठ-दहा वर्षांचा असतो. घरी वाट बघत असतात, पण त्याची मान वरच.

अमरावतीत ही थांबलेली सायकल काही नवी नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली इथं हनुमान आखाडा सुरू केला. त्याचंच पुढं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरलं, तेव्हा या मंडळाचा चमू तिथं जाऊन मल्लखांब आणि आपल्या मातीतल्या इतर खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. आज मंडळाचा परिसर विस्तीर्ण आहे, तिथं महाविद्यालयं आहेत, देशभरातून मुलंमुली शिकायला येतात. पण एवढ्या मोठ्या झाडाचं बी मला कायम त्या भिंतीबाहेरच्या मुलात दिसतं. आखाड्यात कोणी एकदम येत नाही. आधी तो रस्त्यावरून बघतो. दुसऱ्या दिवशी फाटकाशी येतो. मग फाटकाच्या आत, पण चप्पल घालूनच, म्हणजे केव्हाही निघता येईल असा. मग एखादा दादा हाक मारतो, ‘काऊन रे, नुसता पाहूनच राहिला? ये ना अंदर!’ आणि पोरगं चप्पल काढतं.

नकाशे काढणं हे माझं काम. लोकांच्या खेळण्या-बसण्यासाठी इमारत करायची असली की पहिली रेघ मी या पोरासाठी मारते. तो उभा कुठं राहील, त्याला काय दिसेल, त्याच्या डोक्यावर सावली असेल का, हे ठरल्याशिवाय आतला हॉल किती बाय कितीचा, याला अर्थ येत नाही. बघणारा हा अशा इमारतीचा पहिला सभासद. त्याची पावती फाटलेली नसते, नाव रजिस्टरमध्ये नसतं, पण पुढची सगळी नावं त्याच्यातून येतात.

आपण बांधतो ते याच्या नेमकं उलट. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या कुठल्याही ले-आउटमध्ये जा. मंजुरीच्या वेळी साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडलेली असते, तिला सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतात. तिच्या एका कोपऱ्यात हनुमानाचं किंवा गजानन महाराजांचं मंदिर, आणि दुसऱ्या कोपऱ्यात निधीतून आलेलं समाजमंदिर किंवा सांस्कृतिक भवन. मंदिरापाशी माणसं असतात. भवनापाशी वॉल कंपाउंड असतं. त्याला लोखंडी गेट, गेटला साखळी, साखळीला कुलूप. दर्शनी भिंतीवर ग्रॅनाइटची पाटी, तिच्यावर निधीचं नाव आणि उद्घाटनाची तारीख. खिडक्या उंचावर, बाहेरून ग्रिल, ग्रिलच्या आत गंजलेल्या जाळीचं तावदान. आत ढीग लावलेल्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गुंडाळलेल्या सतरंज्या, गणपतीच्या मखराची चौकट. बारसं, तेरवी, मतदान. एवढ्या तीन वेळी ते उघडतं. मधल्या दिवसांत समोरच्या रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळतात आणि चेंडू कंपाउंडमध्ये गेला की भिंत चढून आणतात. त्यांच्यासाठीच बांधलेल्या जागेत त्यांना भिंत चढून जावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

अकोल्यातल्या अशाच एका ले-आउटच्या मोकळ्या जागेचं काम माझ्याकडे आलं. व्यायामशाळा, पेपर वाचायची जागा, बायकांच्या कार्यक्रमांना एक हॉल. पहिल्या बैठकीला मंदिराच्या सभामंडपात सगळे जमले आणि पहिलंच वाक्य आलं, ‘मॅडम, आधी वॉल कंपाउंड घ्या. नाई त ढोरं येतात.’ दुसरे म्हणाले, ‘ढोरायचं सोडा, बाहेरचे पोट्टे येऊन बसतीन.’ दोन्ही भीती खऱ्या होत्या. गाई-म्हशी येतातच, आणि रात्री अकरानंतर मोटरसायकली लावून बसणारी टोळकीही येतात. त्याला उत्तर म्हणून सौंदर्याच्या गोष्टी सांगून भागत नाही.

मी त्यांच्याशी मातीबद्दल बोलले. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपल्याला ठाऊक असतात. तशीच ती घराखालीही हालते. मोठ्या इमारतीचा पाया आपण खोल नेतो, काळी माती उपसून मुरूम भरतो, दाबतो. कंपाउंडच्या भिंतीसाठी एवढा खर्च कोण करतं? दोन फूट खणायचं, विटा रचायच्या, वरून प्लास्टर. चार पावसाळ्यांत ती भिंत रस्त्याकडे झुकते, मधोमध चिरते, आणि मग तिला टेकू द्यावे लागतात. सगळ्यांच्या घरी अशी एक भिंत होतीच. एक काका म्हणाले, ‘आमची त गेल्या वर्षी पडली.’ मग हिशेब मांडला. चारही बाजूंच्या कंपाउंडला आणि गेटला जेवढे पैसे लागतील, तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं संपूर्ण लांबीचा दगडी ओटा आणि त्यावर छपरी होते. पायथ्याला रुंद असलेला ओटा मुरमाच्या भरावावर चांगला बसतो. दीड फूट उंचीचा, अडीच फूट रुंदीचा ओटा ढोरांना चढावासा वाटत नाही आणि माणसांना बसावासा वाटतो. चढायला पायऱ्या चारच ठिकाणी, तिथं गुरं अडवणारी आडवी दांडी. वाडी-वस्तीवर ही युक्ती सगळ्यांच्या पाहण्यातली आहे.

भिंतीत वाटा कशा ठेवायच्या हे समजायला अमरावतीचा परकोट मी पुन्हा पुन्हा बघते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, निजामाच्या अमलात, पेंढाऱ्यांपासून इथल्या व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून तो उभा राहिला. दोन-सव्वादोन मैलांचा घेर, वीस फुटांहून उंच दगडी भिंत. जवाहर गेट, अंबा गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की तो पत्ता विचारत नाही. पण त्या भिंतीला पाच दरवाज्यांखेरीज चार खिडक्याही ठेवल्या होत्या, म्हणजे माणूस पायी निघून जाईल एवढ्या लहान वाटा. खुनारी खिडकीचं नाव तिच्याजवळ झालेल्या जुन्या दंगलीच्या रक्तपाताची आठवण म्हणून पडलं असं सांगतात. लुटारूंच्या भयानं बांधलेल्या किल्ल्यालासुद्धा रोजच्या येण्याजाण्यासाठी लहान वाटा सोडाव्या लागल्या. पाण्याला जाणारी बाई हत्तीच्या दरवाज्यानं वळसा घालून कशाला जाईल? पेंढारी केव्हाच गेले, आणि आपण मात्र कॅरम बोर्ड आणि चार डंबेल्सच्या रक्षणासाठी एकच गेट ठेवून त्यालाही कुलूप लावतो. माझ्या नकाशात गेट नाही. रस्त्याच्या बाजूनं चार वाटा आहेत, प्रत्येक वेगळ्या घरांच्या दिशेला तोंड करून. शाळेच्या बोळातून येणाऱ्या मुलाला वळसा नको, दूध आणायला जाणाऱ्या आजोबांना छपरीतूनच पलीकडे निघता यावं. कामासाठी ओलांडून जाणारी माणसं ज्या जागेत असतात, तिथं टोळक्यांना रात्री फारसा वेळ बसवत नाही.

आता मुलींचं. आखाड्याची परंपरा कितीही प्यारी असली तरी भिंतीबाहेर थांबून निवांत बघणारी ती सायकल बहुतेक वेळा मुलाचीच असते, हे विसरून चालणार नाही. रस्त्याला उघडी इमारत म्हणजे रस्त्याच्या नजरेलाही उघडी. कबड्डीची चढाई करणाऱ्या मुलीला बाहेरचं टोळकं नको असतं. म्हणून सगळं सपाट उघडं करून टाकणं हा आळशीपणा ठरेल. आतल्या जमिनीची पातळी मी रस्त्यापेक्षा तीन फुटांनी वर घेतली. उभ्या माणसाची नजर आत जाते, पण खेळणारी उंचावर असते आणि बघणारा खाली असतो. नुसत्या या तीन फुटांनी कोण कुणाकडे बघतं आहे याचा तोल बदलतो. हॉलच्या एका अंगाला विटांची जाळी. दिवसा बाहेरच्याला आतलं फारसं दिसत नाही, आतल्याला रस्ता सबंध दिसतो. कुठली बाजू उघडी, कुठली जाळीची, हे मुलींना विचारून ठरवलं. त्यांनी मागची बाजू मागितली नाही. त्यांना रस्त्याचीच बाजू हवी होती, फक्त बसण्याचा ओटा त्या भागात हॉलला लागून नको, आणि तिथं आयांची, आज्यांची ये-जा हवी.

ते ऐकताना मला भुलाबाई आठवल्या. भाद्रपदातल्या पुनवेला मातीच्या भुलाबाई आणि भुलोबा मांडायचे, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन गाणी म्हणायची. आज हिच्या ओट्यावर, उद्या तिच्या. टिपऱ्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि त्यावरूनच कळायचं आज कुणाच्या घरी. शेवटी झाकलेला डबा पुढं यायचा, कानाशी धरून हलवायचा आणि खिरापत ओळखायची. खुळखुळलं तर शेंगदाणे नाही तर फुटाणे, गप्प राहिलं तर शिरा किंवा पेढा, चिकटून थबथब वाजलं तर काहीतरी रसाचं. घरातली बाई दारात उभी राहून हसायची, कारण तिनं मुद्दाम अवघड खिरापत केलेली असायची. ओळखता येईना की आंबट-तिखट-गोड एवढा एक आधार मागायचा. एवढा मोठा खेळ, महिनाभर चालणारा, संपूर्ण मुलींचा, आणि त्याचं क्रीडांगण म्हणजे रस्ता आणि ओटा यांच्यामधली ती दहा फूट जागा. आता फ्लॅट स्कीममध्ये दार जिन्यावर उघडतं. गाणी म्हणणाऱ्या मुली पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मध्ये उभ्या राहतात. त्या दहा फुटांना मी नकाशात ‘भुलाबाईची जागा’ असं नावच दिलं. ती गुळगुळीत फरशीची नाही, कारण टिपऱ्या खेळणारी पावलं तिच्यावर घसरतात. खरबरीत शहाबादी धरली आहे. वर्षातले उरलेले अकरा महिने तिथं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल येवोत, संक्रांतीचं हळदीकुंकू येवो, की नुसती भाजी निवडत बसलेली माणसं येवोत.

लोकांच्या जागा अशा रस्त्याला जोडून ठेवण्याचं काम जगात ज्यांनी मन लावून केलं त्यांच्यात लीना बो बार्दी या बाईंबद्दल मला अतोनात आदर आहे. इटलीत जन्मल्या, ब्राझीलच्या झाल्या. साओ पावलो शहराच्या पोंपेया भागात पत्र्याची पिंपं करणारा एक बंद पडलेला कारखाना होता. १९७७च्या सुमारास तिथं लोकांसाठी करमणूक आणि खेळाचं केंद्र करायचं काम त्यांच्याकडे आलं. त्या एकदा सुट्टीच्या दिवशी तिथं गेल्या तर गळक्या छपरांखाली पोरं फुटबॉल खेळत होती, आया चुलीवर मांस भाजत होत्या, म्हातारी माणसं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये हिंडत होती. कारखाना पाडण्याचा विचार बाजूला पडला. हे चाललं आहे ते असंच चालू राहिलं पाहिजे, एवढंच त्यांनी आपलं काम मानलं. शेडच्या मधोमध जाणारा दगडी रस्ता त्यांनी तसाच ठेवला, शहराच्या रस्त्याला सरळ जोडलेला. एका बाजूच्या जमिनीखालून झाकलेला ओढा वाहत होता, तिथं बांधकाम शक्य नव्हतं. त्या पट्ट्यावर त्यांनी लाकडी फळ्यांचा लांबलचक ओटाच घातला. बांधकामं आणि नियमांमध्ये गुदमरलेल्या शहरातली माणसं तिथं ऊन खात पडून राहतात. खेळांचे मजले त्यांनी ओढ्याच्या दोन्ही अंगांना काँक्रीटच्या मनोऱ्यांत चढवले आणि मनोरे हवेतल्या पुलांनी जोडले. खिडक्यांना काच नाही, वेडीवाकडी भोकं आहेत, आतून सरकणाऱ्या लाल लाकडी जाळ्या. बास्केटबॉल खेळून दमलेला खेळाडू कपडे बदलायला पुलावरून पलीकडे निघतो तेव्हा खालच्या माणसांना दिसतो. आमच्या अकोल्यातही अशा कितीतरी मोकळ्या जागांच्या कडेनं नाला जातो, आणि आपण आधी त्याच्याकडे पाठ करतो.

आपल्या जवळचं म्हणाल तर पणजीची कला अकादमी. चार्ल्स कोरियांनी ती अशी आखली की रस्त्यावरून आत शिरणाऱ्याला मोकळ्या दालनातून थेट मांडवी दिसावी. तिकीट न काढता, नाटकाशी काही संबंध नसताना, माणसं त्या दालनातून नदीवर गेली आणि वाटेत तालमीचा आवाज ऐकून थबकली.

पण गोव्याची हवा वेगळी. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, एखाद्या वर्षी अकोल्यात सत्तेचाळीसही. ‘रस्त्याला उघडी इमारत’ हे शब्द दुपारी दोन वाजता हास्यास्पद वाटतील. म्हणून या इमारतीचं घड्याळ आधी ठरवलं. पहाटे पाच ते नऊ, संध्याकाळी सहा ते दहा. दुपार तिनं झोपून काढायची, गावासारखी. पश्चिमेच्या उन्हाला अडवायला त्या बाजूला सामानाची खोली, संडास आणि जिना यांची जाड रांग. उत्तर आणि पूर्व मोकळी. रस्ता दक्षिणेला, म्हणून छपरी दहा फूट खोल. मार्चनंतरचं डोक्यावर आलेलं ऊन ओट्याच्या आत येत नाही, आणि थंडीत सकाळचं ऊन आजोबांच्या गुडघ्यांपर्यंत येतं. ओट्याला लागून तीन कडुनिंब. निंबाची पानगळ उन्हाळा तापायच्या आधी होऊन जाते आणि कडक ऊन लागेपर्यंत त्याला नवी पालवी आलेली असते.

आणि पाणपोई. तिच्यासाठी मी भांडले. समितीला थंड पाण्याचं स्टीलचं मशीन हवं होतं, तेही आत. मी रस्त्याच्या अंगाला, भिंतीतच कोनाडा करून तीन रांजणांची जागा दिली, भोवती ओलं गोणपाट, खाली पाण्याची गळती झाडांच्या आळ्यात. रस्त्यावरचा कुणीही, फळांच्या गाडीवाला, कुरिअरचा पोरगा, तिथं थांबेल. पाणी पिताना माणूस मान वर करतो, आणि वर केलेल्या मानेला समोर व्यायामशाळा दिसावी, इतका साधा विचार. समितीतल्या एका काकूंनी रांजण भरण्याचं काम आपल्या भिशीच्या बायकांकडे घेतलं तेव्हा तो विषय मिटला.

रात्रीचा उजेड ही तर माझ्या मते निम्मी वास्तुकला. कुलूपबंद भवनाच्या अंगणात हॅलोजनचा एक डोळे दिपवणारा दिवा असतो, बाकी काळोख. आम्ही नकाशात दिवे छपरीच्या आढ्याला, पिवळसर, खाली तोंड करून दाखवले. संध्याकाळी साडेसातला हॉलमधला उजेड जाळीतून रस्त्यावर येईल तेव्हा त्या उजेडात शिकवणीहून परतणाऱ्या मुलींच्या सायकली निवांत जाव्यात, एवढी माझी इच्छा आहे.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची कावड ज्यानं अकोल्यात पाहिली त्याला हे सगळं फार समजावून सांगावं लागत नाही. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून पोरं रात्रभर चालत निघतात आणि राजराजेश्वराला अभिषेक करतात. एकेका मंडळाची कावड शेकडो भरण्यांची म्हणजे घागरींची, तिच्याखाली खांदा देणारी वर्षभर तालमीत घामानं भिजलेली पोरं. त्या रात्री अन् सकाळी सगळा रस्ताच क्रीडांगण होतो. दोन्ही बाजूंचे ओटे, गच्च्या, दुकानांच्या पायऱ्या माणसांनी भरतात. कुणी चहा देतं, कुणी केळी, कुणी दमलेल्याच्या पायावर पाणी ओततं. बघणारा आणि करणारा यांच्यात त्या रात्री हाताचं अंतर असतं, आणि खांदा बदलताना बघणारा केव्हा आत शिरला ते कळत नाही. त्या एका रात्री जे शहराला जमतं, त्याची सोय रोजच्यासाठी आपण का करू नये?

गाडगेबाबा याच मुलखातले. गावात यायचे, हातात खराटा घ्यायचे, दिवसभर रस्ता झाडायचे आणि रात्री त्याच मोकळ्यावर कीर्तनाला उभे राहायचे. त्यांना भवनाची गरज पडली नाही. झाडलेला रस्ता हेच त्यांचं सभागृह. म्हणूनच बांधून झाल्यावर ओटा कोण झाडणार हा प्रश्न मी बैठकीत नेहमी पैशांच्या आधी विचारते.

शेवटच्या बैठकीला एक आजी आल्या होत्या. बोलल्या एवढंच, ‘मले काई अंदर यायचं नाई बाई. संध्याकाळी टेकाले जागा पाह्यजे, अन् पोट्टे खेयताना दिसले पाह्यजे.’ नकाशात त्यांची जागा कडुनिंबाच्या बाजूच्या पायरीपाशी आहे. तिथं पाठ टेकायला भिंतीचा दोन फूट भाग कलता घेतला आहे आणि उठताना धरायला एक दांडी.

आता अंदाजपत्रक मंजुरीला जाईल. खर्च वाढला की काय कापतात ते मला माहीत आहे. हॉल कापत नाहीत, पाटी कापत नाहीत, टाइल्स कापत नाहीत. छपरी सहा फुटांची होते, ओटा ‘पुढच्या टप्प्यात’ जातो आणि उरलेल्या पैशात वॉल कंपाउंड येतं. ज्यांच्या हाती लाल पेन आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. हॉल पाच फुटांनी लहान करा, टाइल्सऐवजी साधा कोबा घाला, रंग पुढच्या वर्षी द्या. ओट्याला, छपरीला आणि रांजणांच्या कोनाड्याला हात लावू नका.